चुंबक फिरतो, पण क्षेत्राचे काय?

एक चपटा, गोल चुंबक डोळ्यांसमोर आणा. त्याच्या वरच्या सपाट बाजूला उत्तर ध्रुव आहे, खालच्या बाजूला दक्षिण. बरोबर मध्यातून आरपार एक दांडी बसवली आणि चुंबक तिच्याभोवती गरगर फिरवला. अशा वेळी त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही त्याच्याबरोबर फिरते, की क्षेत्र जागच्या जागी राहते आणि त्यात नुसता धातूचा तुकडा फिरतो? मायकेल फॅरडेने १८३१ साली हा प्रश्न प्रयोगाच्या टेबलावर आणला आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ त्यावर दोन्ही बाजूंनी वाद घालत राहिले. आजही हा प्रश्न विचारला की बहुतेकांचे पहिले उत्तर ‘फिरत असणारच’ असे येते. त्याचे मूळ शाळेतल्या प्रयोगात आहे. चुंबकावर कागद ठेवायचा, त्यावर लोहकीस भुरभुरायचा, कागदाला टिचकी मारायची, की कीस वळणदार रेषांमध्ये लागतो. त्या बलरेषा आपल्या मनात इतक्या ठाम बसतात, की चुंबकातून तारा फुटून बाहेर आल्या आहेत असेच आपण धरून चालतो. तारा चुंबकात रोवलेल्या असतील, तर चुंबक फिरल्यावर त्याही फिरणार. माझे म्हणणे असे आहे, की घोटाळा इथेच होतो. क्षेत्र ही चुंबकाला जोडलेली वस्तू नाही आणि गोल चुंबक आपल्या अक्षाभोवती फिरतो तेव्हा क्षेत्रात काहीही फिरत नाही. हे मत मनाला पटवून घेण्यापेक्षा पुराव्यांतून तपासणे जास्त रंजक आहे, कारण सुरुवातीचे पुरावे वाटतात तितके निर्णायक नाहीत.

फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करत होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांचा प्रयोग केला. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद करताना दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज निर्माण होते, हे त्याला त्यात दिसले. दोन महिन्यांनी, २८ ऑक्टोबरला, त्याने एका मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली. एक स्पर्शक चकतीच्या अक्षाला टेकवला, दुसरा काठाला, आणि दोन्ही तारा गॅल्व्हॅनोमीटरला जोडल्या. चकती फिरत होती तोवर काटा एका बाजूला झुकलेला राहिला. क्षणभराचा धक्का नव्हे, तर अखंड वाहणारा प्रवाह यांत्रिक गतीतून मिळवण्याची ही पहिली वेळ. जगातले हे पहिले जनित्र. त्यात अजून काही गूढ नव्हते. चुंबक स्थिर, चकती फिरती, चकतीतला धातू बलरेषा कापत जातो आणि वीज निर्माण होते, असे म्हणता येत होते.

गूढ आले ते डिसेंबरमध्ये. फॅरडेने एक दंडगोल चुंबक घेतला, त्याच्या टोकावर तांब्याची चकती चिकटवली आणि दोहोंच्या मध्ये कागद घातला. आता चकती आणि चुंबक एकजीव झाले. एक फिरवला की दुसरा फिरणारच. चकतीच्या मध्यावर आणि काठावर गॅल्व्हॅनोमीटरचे स्पर्शक टेकवून त्याने दोन्ही एकत्र फिरवले. चकतीच्या दृष्टीने पाहिले तर चुंबक जागचा हललेलाच नाही. तरीही काटा हलला, पूर्वीच्याच दिशेला आणि नजरेला जाणवेल असा फरक न पडता पूर्वीइतकाच. चुंबक स्थिर असो वा फिरता, फिरणाऱ्या तांब्यावर परिणाम तोच. मग फॅरडेने पुढची पायरी गाठली. चकती काढून टाकली, चुंबकाचा दंडगोलच पाऱ्यात उभा करून फिरवला आणि त्याच्याच अंगावरून वीज काढून घेतली. म्हणजे चुंबक स्वतःच्याच क्षेत्रात फिरून वीज निर्माण करत होता. चुंबकत्व आणि ते ज्यात वसते तो पोलादी दांडा यांचे एकमेकांपासूनचे हे स्वातंत्र्य फॅरडेला विलक्षण वाटले. दांडा फिरला तरी बलरेषा फिरत नाहीत, असा निष्कर्ष त्याने काढला आणि वीस वर्षांनी, १८५१ मध्ये, बलरेषांवर सविस्तर लिहिताना तोच पुन्हा मांडला. बलरेषांची कल्पना ज्याने विज्ञानात आणली, त्यानेच त्या चुंबकाला बांधलेल्या नाहीत असे म्हणावे, हे मला या सगळ्या कथेत फार मोलाचे वाटते. आपल्याच चित्राच्या आहारी न जाणे सोपे नसते.

हा प्रयोग आज कुणालाही करता येतो. बाजारात मिळणारा पाच सेंटिमीटर व्यासाचा निओडिमियमचा चपटा चुंबक, तेवढीच तांब्याची चकती, हातात धरायचे ड्रिल मशीन आणि मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. गणित साधे आहे. क्षेत्र सगळीकडे सारखे धरले, तर मध्य आणि काठ यांच्यातला विद्युतदाब म्हणजे क्षेत्राची तीव्रता, कोनीय वेग आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग. क्षेत्र ०.२ टेस्ला, त्रिज्या अडीच सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे घेतले, तर उत्तर सुमारे १० मिलिव्होल्ट येते. काठावरचा स्पर्श नीट धरता आला, तर हा आकडा मीटरवर सहज दिसतो. चकती फिरवा आणि चुंबक हातात स्थिर धरा, १० मिलिव्होल्ट. चकती स्थिर ठेवा आणि चुंबक फिरवा, शून्य. दोन्ही एकत्र फिरवा, पुन्हा १० मिलिव्होल्ट. मात्र निओडिमियमचा चुंबक ठिसूळ असतो, त्यामुळे ड्रिलला घट्ट बसवल्याशिवाय आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय तो वेगाने फिरवू नये.

या तीन ओळींनी बुद्धी चक्रावते, कारण आपण सापेक्ष गतीवर भिस्त ठेवलेली असते. चकती चुंबकासमोर फिरली काय किंवा चुंबक चकतीसमोर फिरला काय, दोघांमधली गती तीच. मग एकदा वीज आणि एकदा शून्य का? आणि दोघांत गतीच नसताना तिसऱ्या वेळी वीज कुठून आली? यातली हरवलेली गोष्ट म्हणजे मीटर आणि त्याच्या तारा. प्रवाहाला वाहायला पूर्ण वाट लागते. ती चकतीतून निघते, स्पर्शकातून तारेत जाते आणि मीटरमधून परत येते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रयोगात चकती या तारेच्या तुलनेत फिरते, दुसऱ्यात फिरत नाही. चकती आणि चुंबक दोन्ही स्थिर ठेवून तारा आणि मीटरच अक्षाभोवती फिरवले, तरीही दाब मिळतो, फक्त उलट दिशेचा. तारा, मीटर, चकती, चुंबक असे सगळेच एका फिरत्या पाटावर बसवले, तर मंडलात काहीच मिळत नाही. म्हणजे निकाल ठरतो तो वाहकाच्या दोन भागांमधल्या गतीवर. चुंबकाच्या फिरण्याचा त्याच्याशी संबंध नाही. यामागचे कारण लॉरेंट्झ बलाचे. चुंबकीय क्षेत्रात एखादा विद्युतभार हलत असेल, तर त्याच्यावर वेगाला आणि क्षेत्राला अशा दोघांनाही काटकोनात बल लागते. चकतीतले इलेक्ट्रॉन चकतीबरोबर गोल फिरतात, म्हणून त्यांना मध्याकडे किंवा काठाकडे ढकलणारे बल लागते. त्या हिशेबात त्या जागी क्षेत्र किती आहे आणि इलेक्ट्रॉन किती वेगाने चालला आहे, एवढेच विचारले जाते. क्षेत्राचा स्वतःचा वेग असे काही त्या सूत्रात नाहीच.

इथवर आल्यावर फॅरडेचा मुद्दा सिद्ध झाला असे वाटते, पण तसे नाही, आणि हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. समजा, रेषा चुंबकाबरोबर फिरतातच. मग दुसऱ्या प्रयोगात, नुसता चुंबक फिरवताना, फिरत्या रेषा स्थिर चकती तर कापतीलच, पण बाहेरची स्थिर तारही कापतील. दोन्हीकडे निर्माण होणारे दाब मंडलात एकमेकांच्या विरुद्ध येतील आणि बरोबर तेवढेच असल्यामुळे बेरीज शून्य होईल. तिसऱ्या प्रयोगात चकती आणि रेषा एकाच वेगाने फिरत असल्याने चकतीत काही होणार नाही, पण बाहेरच्या स्थिर तारेला रेषा कापतील आणि मीटरवर तेच १० मिलिव्होल्ट दिसतील. फक्त दाब चकतीऐवजी तारेत निर्माण झाला असे म्हणावे लागेल. टॉल्व्हर प्रेस्टन याने १८८५ मध्ये हा मुद्दा मांडला आणि तो अचूक होता. बंद मंडलावर कितीही प्रयोग केले, तरी स्थिर रेषा आणि फिरत्या रेषा या दोन्ही कल्पना प्रत्येक वेळी तोच आकडा देतात. फॅरडेला जे दिसले ते खरे होते, पण त्याचा निष्कर्ष त्या प्रयोगातून निघत नव्हता. जर्मनीत विल्हेल्म वेबरने १८४० च्या सुमारास या प्रकाराला ‘एकध्रुवी प्रवर्तन’ असे नाव दिले होते. वीज चकतीत निर्माण होते की तारेत, हा वाद त्या नावाखाली विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला.

तो सोडवायचा, तर मंडल तोडायला हवे होते. हे काम अमेरिकेत सॅम्युएल बार्नेटने १९१२ मध्ये आणि अर्ल केनर्डने १९१२ ते १९१७ या काळात केले. त्यांची युक्ती अशी. एकात एक बसणारी धातूची दोन नळकांडी घ्यायची, म्हणजे त्यांचा कंडेन्सर तयार होतो. तो चुंबकीय क्षेत्रात, क्षेत्राच्या अक्षाशी जुळवून ठेवायचा. दोन्ही नळकांडी एका तारेने जोडायची. आता क्षेत्र निर्माण करणारे वेटोळे किंवा चुंबक फिरवायचा आणि तो फिरत असतानाच ती जोडतार तोडायची. फिरत्या क्षेत्राच्या रेषा खरोखरच त्या तारेला कापत असतील, तर एका नळकांड्यावरून दुसऱ्यावर विद्युतभार ढकलला जाईल आणि तार तुटल्यावर तो तिथेच अडकून पडेल. नंतर सगळे थांबवून संवेदनशील इलेक्ट्रोमीटरने तो मोजायचा. इथे परतीची वाट नाही, त्यामुळे एका बाजूचा परिणाम दुसऱ्या बाजूने खोडून निघण्याची सबब उरत नाही. निकाल असा आला, की नुसता चुंबक किंवा वेटोळे फिरवल्याने कंडेन्सरवर भार जमत नाही. उलट कंडेन्सर आणि त्याची जोडतार फिरवली, तर हिशेबाप्रमाणे भार जमतो. बंद मंडलात जे गुलदस्त्यात राहिले होते, ते इथे उघडे पडले.

एक बारकावा इथे सांगायला हवा, नाहीतर जाणकार वाचक अडवतील. पोलादी चुंबक स्वतः वाहक असतो. तो फिरला की त्याच्यातले इलेक्ट्रॉनही आपल्याच चुंबकाच्या क्षेत्रात फिरतात, थोडे सरकतात आणि चुंबकाच्या पृष्ठभागावर विद्युतभाराची नवी मांडणी होते. त्या भारामुळे बाहेर एक क्षीण विद्युतक्षेत्र निर्माण होते. वाहक नसलेल्या चुंबकातही, फिरते चुंबकत्व सापेक्षतेच्या नियमांनुसार थोडे विद्युत ध्रुवीकरण दाखवते. म्हणजे फिरता चुंबक आणि स्थिर चुंबक बाहेरून अगदी तंतोतंत सारखे नसतात. परंतु हा परिणाम चुंबकाच्या अंगात असलेल्या भारांचा आहे. बाहेरच्या रेषा फिरून काही कापतात याचा नाही. दोन्हींचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे त्यांची गल्लत करण्याचे कारण नाही.

प्रयोग बाजूला ठेवले, तरी फिरत्या रेषांची कल्पना कागदावरही टिकत नाही. रेषा चुंबकाबरोबर ताठपणे फिरत असतील, तर रिकाम्या जागेतही प्रत्येक बिंदूला एक विद्युतक्षेत्र मानावे लागते. त्या विद्युतक्षेत्राचा हिशेब गाउसच्या नियमाने केला, तर जिथे काहीच नाही त्या रिकाम्या जागेत विद्युतभार पसरलेला असला पाहिजे असे उत्तर येते. तसा भार नसतो. दुसरी अडचण आणखी ढोबळ आहे. फिरणाऱ्या वस्तूचा वेग अक्षापासून दूर जाऊ तसा वाढतो. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चुंबकाच्या रेषा ताठ फिरत असतील, तर सुमारे ९५० किलोमीटरवर त्यांचा वेग प्रकाशाइतका होईल आणि पलीकडे त्याहून जास्त. पृथ्वी दिवसातून एकदाच फिरते, तरी तिच्याबाबतीत हे अंतर सुमारे ४११ कोटी किलोमीटर येते, म्हणजे युरेनस आणि नेपच्यून यांच्या कक्षांच्या मध्ये कुठेतरी. कुठलीही खरी वस्तू असे करू शकत नाही, आणि बलरेषा ही वस्तू नसल्यामुळेच हा प्रश्न तिला लागू होत नाही.

मग क्षेत्र म्हणजे काय? अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला एक आकडा आणि एक दिशा, एवढेच. हवामान खात्याच्या नकाशावर समदाब रेषा काढलेल्या असतात. त्या रेषा आकाशात कुठेही ताणलेल्या नसतात, हवेचा दाब मोजून आपण त्या काढलेल्या असतात. बलरेषाही तशाच. गोल चुंबक अक्षाभोवती फिरताना कुठल्याही बिंदूला उभे राहून होकायंत्र धरले, तर सुईची दिशा बदलत नाही, तीव्रताही बदलत नाही. प्रत्येक ठिकाणचा आकडा जसाच्या तसा राहतो. जे प्रत्येक ठिकाणी बदलत नाही, ते फिरते म्हणण्याला मोजण्याजोगा अर्थच नाही. आंरी प्वाँकारेने १९०० साली एकध्रुवी प्रवर्तनावर लिहिताना रेषा फिरतात की नाही हा प्रश्नच निरर्थक आहे असे मत दिले होते. आइनस्टाइनचा १९०५ चा विशेष सापेक्षतेचा प्रबंध तर चुंबक आणि वाहक यांच्या परस्पर गतीच्या कोड्यानेच सुरू होतो, आणि त्यातच पुढे तो नोंदवतो, की एकध्रुवी यंत्रांमध्ये विद्युतदाबाचे ठिकाण कोणते, या प्रश्नात आता काही अर्थ उरत नाही. एका निरीक्षकाला जे निव्वळ चुंबकीय क्षेत्र दिसते, त्यात दुसऱ्या, गतिमान निरीक्षकाला विद्युतक्षेत्राचाही वाटा दिसतो. तरीही मी प्वाँकारेइतका अलिप्त राहणार नाही. प्रश्न निरर्थक आहे असे म्हणून सोडून दिले, की लोक मनातल्या मनात तारांचेच चित्र पुढे चालवतात. म्हणून उत्तर स्पष्ट द्यावे: नाही, क्षेत्र फिरत नाही, आणि ‘स्थिर राहते’ याचा अर्थही ते कुठेतरी खिळ्याने ठोकले आहे असा घ्यायचा नाही.

यावर सर्वांत सशक्त आक्षेप व्यवहारातून येतो. फिरते चुंबकीय क्षेत्र हा शब्द तर इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या रोजच्या बोलण्यातला आहे. कोयनेच्या जनित्रापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सगळे त्यावरच चालते. मग ते काय? हा आक्षेप माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही, उलट ते पक्के करतो. जनित्राच्या रोटरवर ध्रुव आळीपाळीने बसवलेले असतात, उत्तर, दक्षिण, पुन्हा उत्तर. रोटर फिरला की एखाद्या ठरावीक जागी क्षेत्र वाढते, कमी होते, उलटते. आकडे बदलतात, म्हणून तिथे क्षेत्राचा आकृतिबंध फिरतो असे म्हणणे अगदी योग्य आहे. आडवा धरून गरगर फिरवलेल्या पट्टीचुंबकाचेही तसेच. पण आता थ्री फेज मोटर पाहा. तिच्या स्टेटरमध्ये फिरणारा चुंबक नसतो, तांब्याची वेटोळी पक्की बसवलेली असतात. तीन वेटोळ्यांतले प्रवाह एकामागोमाग चढतात आणि उतरतात, त्यामुळे सर्वांत तीव्र क्षेत्राची जागा सरकत सरकत गोल फिरते. ५० हर्ट्झच्या दोन ध्रुवी मोटरीत मिनिटाला ३००० वेळा. शेतावर पंप बसवताना तीनपैकी दोन वायरी अदलाबदल झाल्या, की मोटर उलटी फिरते आणि पाणी नीट चढत नाही. पुन्हा त्या दोन वायरी बदलल्या की काम झाले. यात कुठलाही चुंबक उलट्या दिशेने वळवावा लागत नाही. म्हणजे काहीही न फिरता क्षेत्राचा आकृतिबंध फिरू शकतो, आणि गोल चुंबक फिरूनही तो फिरत नाही. क्षेत्राचे फिरणे आणि चुंबकाचे फिरणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, याहून स्वच्छ पुरावा मागायचा तो कोणता?

दुसरा आक्षेप ऊर्जेचा आहे आणि त्यातून बरीच दिशाभूल झाली आहे. चकती आणि चुंबक एकत्र जोडून फिरवले, तर चकतीवरचा रोधक जोर चुंबकावर उलटून पडेल, दोन्ही एकाच दांडीवर असल्याने तो तिथेच जिरेल, आणि मग फिरवणाऱ्याला काहीच जोर न लागता वीज मिळेल, असा तर्क मांडला जातो. अमेरिकेतल्या ब्रूस डीपाल्मा याने १९७० च्या दशकाच्या शेवटी अशाच एका यंत्राबद्दल दिलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा मिळते असा दावा केला होता. तर्क कुठे चुकतो ते पाहिले, तर आपल्या विषयावरच प्रकाश पडतो. चकतीतून वाहणाऱ्या प्रवाहावर क्षेत्राचे बल चकतीला मागे ओढते हे खरे. पण या बलाचा उलटा जोर चुंबकावर पडत नाही. गोल चुंबक म्हणजे अक्षाभोवती वर्तुळात वाहणाऱ्या प्रवाहांचा संच असे समजता येते, आणि वर्तुळात वाहणाऱ्या प्रवाहावर चुंबकीय बल नेहमी प्रवाहाला काटकोनात असते. ते त्याला अक्षाभोवती ढकलू किंवा रोखू शकत नाही. उलटा जोर पडतो तो बाहेरच्या स्थिर तारांवर आणि स्पर्शकांवर. तो चुंबकावर पडत नसल्यामुळेच जोडलेल्या संचाला चकतीइतकाच रोध होतो, फिरवणाऱ्याला तेवढाच जोर लावावा लागतो आणि तेवढीच वीज मिळते. फुकट काहीच मिळत नाही. या प्रकारच्या यंत्रांचा खरा उपयोग वेगळा आहे. त्यांचा दाब कमी, पण प्रवाह प्रचंड असतो. मार्क ऑलिफंट यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात बांधलेले एकध्रुवी जनित्र १९६२ पासून चालू झाले. त्याची अजस्र चक्रे ५०० मेगाज्यूल ऊर्जा साठवत आणि ती क्षणार्धात दहा लाखांहून अधिक अँपिअरच्या प्रवाहात मोकळी करत.

खगोलशास्त्रज्ञ मात्र फिरणाऱ्या बलरेषांची भाषा सर्रास वापरतात, आणि त्यांना ती वापरू द्यावी, पण तिची अट ध्यानात ठेवून. तारे आणि ग्रह यांच्याभोवती प्लाझ्मा असतो, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांचा वायू. तो उत्तम वाहक असल्यामुळे क्षेत्र आणि प्लाझ्मा एकमेकांत गोठल्यासारखे वागतात, आणि ग्रहाबरोबर फिरणारा प्लाझ्मा पाहून रेषाच त्याला ओढून नेत आहेत असे बोलणे सोयीचे जाते. क्षेत्र प्लाझ्मात गोठते ही कल्पना स्वीडनच्या हानेस आल्फव्हेन यांनी मांडली. त्यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले. पुढे त्यांनीच, रेषा खरोखर हलतात असे समजून हिशेब केले तर चुका होतात, असा इशारा वारंवार दिला. इथेही काम करतात ते भार आणि त्यांच्यातले विद्युतक्षेत्र. स्पंदताऱ्यांच्या बाबतीत हा हिशेब पीटर गोल्डराइख आणि विल्यम ज्युलियन यांनी १९६९ मध्ये मांडला: वाहक तारा स्वतःच्या क्षेत्रात फिरतो, पृष्ठभागावर प्रचंड विद्युतदाब तयार होतो, भार उपसून बाहेर येतात आणि ताऱ्याबरोबर फिरू लागतात. हा फॅरडेचा पाऱ्यातला दंडगोलच, फक्त शहराएवढ्या आकाराचा. वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघातला स्पंदतारा सुमारे ३३ मिलिसेकंदांत एक फेरा घेतो. त्याच्याबरोबर फिरायचे तर सुमारे १६०० किलोमीटरवर प्रकाशाचा वेग गाठावा लागेल, म्हणून तिथून पुढे काहीही ताठपणे फिरू शकत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या जीएमआरटी दुर्बिणीतून अशा स्पंदताऱ्यांचा अभ्यास होतो. त्यांचे ठोके आपल्याला ऐकू येतात, कारण त्यांचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षाशी तिरका असतो. तो तिरका असतो म्हणूनच क्षेत्राचा आकृतिबंध फिरतो.

तिरकेपणा नसेल तर काय होते, याचे उत्तर आपल्या सूर्यमालेतच आहे. गुरूला आणि शनीला घन पृष्ठभाग नाही. ढग वेगवेगळ्या अक्षांशांवर वेगवेगळ्या वेगाने फिरतात, त्यामुळे ढग पाहून ग्रहाचा दिवस नेमका ठरवता येत नाही. गुरूचा चुंबकीय अक्ष सुमारे १० अंशांनी कललेला आहे. ग्रह फिरला की त्याचे क्षेत्र आणि त्यातून येणारे रेडिओ संकेत तालात डोलतात, म्हणून गुरूचा दिवस ९ तास ५५ मिनिटे २९ सेकंद आणि काही अंश इतक्या अचूकपणे माहीत आहे. शनीचे तसे झाले नाही. व्हॉयेजर यानांनी १९८० आणि १९८१ मध्ये त्याच्या रेडिओ संकेतांवरून सुमारे १० तास ३९ मिनिटे हा आकडा दिला. २००४ मध्ये कॅसिनी यान पोहोचले तेव्हा तोच संकेत सुमारे १० तास ४५ मिनिटांचा निघाला. एवढा महाकाय ग्रह वीस-पंचवीस वर्षांत सहा मिनिटांनी मंदावत नाही; बदलला होता तो संकेत, ग्रहाचा वेग नव्हे. कॅसिनीने शेवटच्या फेऱ्यांमध्ये शनीच्या अगदी जवळून क्षेत्र मोजले, तेव्हा त्याचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षापासून एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी ढळलेला आढळला. अशा जवळजवळ पूर्ण सममित क्षेत्रात शनी किती वेगाने फिरतो, याची खूण कॅसिनीच्या उपकरणांना सापडली नाही. अखेर २०१९ मध्ये शनीच्या कड्यांमध्ये उठणाऱ्या लाटांवरून, म्हणजे चुंबकत्वाची मदत सोडून गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने, त्याचा दिवस सुमारे १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंदांचा असल्याचे काढण्यात आले.